‘सगळं कळतं, फक्त बोलत नाही’

मराठीत ‘वाढ’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मुलाचे वजन आणि उंची वाढते तीही वाढ आणि मूल पालथे पडू लागते, माणसे ओळखू लागते, बोलू लागते तीही वाढच. वैद्यकशास्त्राने यांपैकी दुसऱ्या अर्थासाठी ‘विकास’ हा शब्द राखून ठेवला असून शरीराच्या मापांत पडणारी भर म्हणजे वाढ आणि क्षमतांमध्ये पडणारी भर म्हणजे विकास, असा भेद पाठ्यपुस्तके करतात. घरात हा भेद पाळला जात नाही, त्यामुळे ‘वाढ नीट आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा वजनकाट्यावर शोधले जाते. मूल अंगाने भरले की त्याने बाळसे धरले असे म्हणतात आणि बाळसे धरलेल्या मुलाची आणखी चौकशी सहसा कोणी करीत नाही. असे असूनही विकासाच्या एकेका पायरीसाठी घरगुती मराठीत नेमके शब्द आहेत: हुंकार देणे, मान धरणे, कूस बदलणे, पालथे पडणे, पोटावर सरकणे, रांगणे, धरून उभे राहणे, पाऊल टाकणे, बोबडे बोलणे. हे शब्द कोणत्याही तपासणीपत्रकातून आलेले नाहीत. मुलांना पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या, मांडीवर थोपटणाऱ्या आणि अंगणात त्यांच्यामागे धावणाऱ्या बायकांच्या पाहण्यातून ते आले आहेत.

एक ते तीन वर्षे या वयातील मुलाबद्दल आईवडिलांना काय वाटते, या प्रश्नाचे दोन भाग पडतात आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर पुढचा सगळा विचार घसरतो. पहिला भाग निरीक्षणाचा, म्हणजे मूल काय करते आणि काय करीत नाही हे पाहण्याचा. दुसरा निष्कर्षाचा, म्हणजे पाहिलेल्याचा अर्थ लावून ‘ठीक आहे’ किंवा ‘काहीतरी चुकते आहे’ असे ठरवण्याचा. पालकांचे निरीक्षण बहुतेक वेळा विश्वासार्ह असते, तर निष्कर्ष घरातील समजुती, शेजारची मुले आणि वडीलधाऱ्यांचे शब्द यांवर उभा राहत असल्यामुळे डळमळीत असतो. दवाखान्यातील आणि सरकारी योजनांतील व्यवहार मात्र उलट चालतो, कारण तेथे पालकांना निष्कर्ष विचारला जातो (‘काही त्रास नाही ना?’) आणि निरीक्षण विचारायचे राहून जाते.

पालकांचे निरीक्षण हाच बालविकासाच्या शास्त्राचा आरंभ होता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या तान्हेपणी केलेल्या टिपणांवर आधारलेला निबंध १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि मूल केव्हा रागावते, केव्हा हसते, केव्हा खुणा करते याची त्यात एका बापाने नोंद केली होती. विसाव्या शतकात अर्नोल्ड गेसेल यांनी येल विद्यापीठात शेकडो मुलांची पद्धतशीर पाहणी करून वयानुसार प्रमाणके तयार केली. प्रमाणक म्हणजे ठरावीक वयाच्या मुलांपैकी बहुसंख्य मुले काय करू शकतात हे सांगणारे माप. भारतीय मुलांसाठी असे माप घडवण्याचे मोठे काम बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केले. ‘बडोदा प्रमाणके’ या नावाने ते ओळखले जाते. त्याची १९९७ मधील सुधारित आवृत्ती पुण्यातून निघाली असून तिच्यात जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने मूळ बडोदा प्रमाणकांतून अवघ्या १७ कसोट्यांचा चाळणी तक्ता तयार केला. चाळणी म्हणजे निदान नव्हे. कोणत्या मुलाची सविस्तर तपासणी करावी हे त्यातून केवळ कळते.

या मापांबद्दल पालकांचा जो सर्वांत मोठा गैरसमज असतो, त्याला मापे तयार करणारेही काही अंशी जबाबदार आहेत. ‘मूल बाराव्या महिन्यात चालते’ हे वाक्य घरोघर पोहोचले आहे, परंतु ते सरासरीचे वाक्य आहे, मुदतीचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ मुलांची पाहणी करून २००६ मध्ये हालचालींच्या सहा टप्प्यांची वयोमर्यादा जाहीर केली. भारतातील पाहणी दक्षिण दिल्लीत झाली होती. या पाच देशांच्या पाहणीनुसार आधाराविना चालण्याचे सरासरी वय सुमारे १२ महिने असले, तरी निरोगी मुलांमधील कक्षा साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. आधाराविना बसण्याची कक्षा पावणेचार ते सव्वानऊ महिने इतकी आहे. एकाच वाड्यातील दोन मुलांच्या पहिल्या पावलांमध्ये सहा महिन्यांचे अंतर असू शकते आणि दोन्ही मुले ठणठणीत असू शकतात. रांगण्याच्या बाबतीत तर याहून मजेदार गोष्ट आढळली: सुमारे ४ टक्के मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. रांगणे टाळून बसल्या बसल्या पुढे घसरणाऱ्या मुलाबद्दल ‘पायांत जोर नाही’ असे म्हणणाऱ्या आज्यांना हा आकडा दाखवावयास हरकत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणे तिच्यातून वगळले. शिवाय प्रत्येक टप्प्यासाठी पूर्वी साधारण निम्मी मुले जे करू शकतात ते वय घेतले जात असे, त्याऐवजी चारपैकी किमान तीन मुले जे करू शकतात ते वय घेतले. नव्या यादीत मागे पडलेले मूल खरोखरच तपासण्याजोगे असावे आणि ‘थोडे थांबून पाहू’ हा सल्ला कमी द्यावा लागावा, असा यामागील हेतू होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आकड्यांहून महत्त्वाचा आहे. प्रशिक्षित कार्यकर्त्या ठरलेल्या दिवशी घरी जाऊन मुलाची परीक्षा घेत असत, पण त्याचबरोबर मुलांची काळजी घेणाऱ्या व्यक्तींनीही प्रत्येक टप्पा केव्हा गाठला याची स्वतंत्र नोंद ठेवली होती. मुलाजवळ रोज असणाऱ्या माणसाच्या नोंदीला शास्त्रीय पाहणीत स्थान देण्यामागे साधे कारण होते: महिन्यातून एकदा येणाऱ्या कार्यकर्तीला जे दिसत नाही ते रोज दिसणाऱ्याला दिसते.

रोजचे दिसणे लिहून ठेवले नाही तर मात्र ते लवकर पुसट होते. दोन-तीन वर्षांनी विचारल्यास पालकांची आठवण ‘सगळी मुले जेव्हा करतात’ त्या वयाकडे सरकते. महाराष्ट्रात या आठवणीला आधार देणारी एक घरगुती युक्ती आहे. महिन्यांचा हिशेब न आठवणाऱ्या आईला ‘गणपतीत बसत होता का, दिवाळीत रांगत होता का, बोरन्हाणाच्या वेळी धरून उभा होता का’ असे विचारले की तिला नेमके आठवते, कारण बोरन्हाणात बोरे, चुरमुरे आणि हलव्याचे दाणे वेचायला मूल कसे धावले, की बसूनच राहिले, हे घरातल्या सर्वांनी पाहिलेले असते. ग्रामीण सर्वेक्षणांत वय काढण्यासाठी स्थानिक सणांची आणि घटनांची दिनदर्शिका वापरतात, तिचाच हा घरगुती अवतार म्हणता येईल.

आता निष्कर्षांकडे. मुदतीआधी जन्मलेल्या मुलाचे वय मोजताना होणारी चूक त्यांत सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त मनस्ताप देणारी आहे. गर्भाच्या चाळीस आठवड्यांऐवजी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले मूल आठ आठवडे आधी आलेले असते, म्हणून विकासाच्या तक्त्यावर ते पाहताना त्याच्या वयातून हे आठ आठवडे वजा करावे लागतात. यालाच सुधारित वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तेच धरले जाते. ही वजाबाकी न केल्यामुळे किती घरांत मूल ‘मागे’ ठरले असेल याची गणती नाही, आणि उलट बाजूने, ‘लवकर जन्मला म्हणून असे’ हे कारण तीन वर्षांनंतरही पुढे करून खरी अडचण झाकली जाते तीही कमी नसावी.

पालकांच्या निष्कर्षांमागे समजुतींची एक पूर्ण व्यवस्था असते. चार्ल्स सुपर आणि सारा हार्कनेस या अभ्यासकांनी तिला ‘पालकांचे लोकसिद्धान्त’ अशा अर्थाचे नाव दिले. पश्चिम केनियातील किप्सिगिस समाजात सुपर यांनी १९७० च्या दशकात पाहिले की तेथील मुले अमेरिकी मुलांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसतात आणि चालतात, पण पालथे पडण्यात किंवा रांगण्यात ती पुढे नसतात. कारण आनुवंशिक नव्हते. तेथील आया मुलांना बसणे आणि चालणे मुद्दाम शिकवीत असत, त्या शिकवण्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द होते आणि मुलाला बसते करण्यासाठी जमिनीत छोटा खळगा करून त्यात ठेवण्याची पद्धत होती. मराठी घरात हेच काम उशा आणि लोड करतात. ज्या क्षमतेला घर किंमत देते ती घर शिकवते आणि जी शिकवली जाते ती लवकर दिसते. म्हणून दोन संस्कृतींतील मुलांची तुलना करताना आधी दोन संस्कृतींतील आयांची तुलना करावी लागते. पाळण्यातल्या पायांची म्हण या ठिकाणी थोडी आडवी येते, कारण सामान्य कक्षेच्या आत लवकर चालणाऱ्या मुलाची बुद्धी पुढे अधिक तल्लख निघते असे दिसत नाही. लाकडी पांगुळगाडा ढकलत चालणारे मूल निदान स्वतःच्या पायांवर उभे असते. ज्यात मुलाला बसवून सोडतात तो चाकांचा प्लॅस्टिकचा वॉकर मात्र चालणे शिकवीत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा धोका वाढवतो, आणि म्हणूनच कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाच्या भेटींत येतो.

चालण्याबद्दलची काळजी घरात लवकर बोलली जाते, कारण न चालणे सर्वांना दिसते. बोलण्याबद्दलची काळजी मात्र पुष्कळ काळ समजुतींच्या आड राहते. दोन वर्षांचे मूल शब्द बोलत नसेल तर बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत ज्या वाक्याने संभाषण सुरू होते ते महाराष्ट्रभर जवळजवळ एकसारखे असते: ‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही.’ हे वाक्य खोटे नसते, पण पुरेसे खरेही नसते. आईने दाराकडे पाहत, चपला हातात घेऊन ‘भूर जायचं?’ असे विचारले आणि मूल धावत आले, तर मुलाला वाक्य कळले की चपला कळल्या हे त्या प्रसंगातून ठरत नाही. म्हणून तपासणारा तज्ज्ञ हात न हलवता, नजर न वळवता, नुसत्या शब्दांत एखादी साधी सूचना देऊन पाहतो. भाषेच्या आकलनाची ही कसोटी कोणत्याही घरात करता येते आणि पुष्कळदा तिच्या उत्तराने पालक स्वतःच चकित होतात. आकलन खरोखर चांगले असेल, मूल खुणांनी मनातले सांगत असेल आणि ऐकू नीट येत असेल, तर उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच पुढे इतरांना गाठतात. पण या तीन अटी पाहिल्याशिवाय ‘बोलेल आपोआप’ असे म्हणणे म्हणजे पैज लावणे होय.

या पैजेच्या बाजूने घरात जी साक्ष काढली जाते तिचे प्रकार ठरलेले आहेत. वडील चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. मुलगे उशिराच बोलतात. जीभ जड आहे. बाळगुटीत वेखंड उगाळून दिले नाही. घरात दोन भाषा बोलतात म्हणून मूल गोंधळले. यांतील मुलग्यांविषयीची समजूत एका मोठ्या पाहणीने तपासली आहे. तुर्कस्तानातील बालरोगतज्ज्ञ इल्गी एर्तेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान येथील जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंतच्या ४,९४९ निरोगी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात १०६ टप्प्यांपैकी बहुतेक सर्व टप्पे मुलगे आणि मुली सारख्याच वयात गाठतात असे आढळले. तेव्हा मुलगा आहे म्हणून वर्षभर वाट पाहण्याला आधार उरत नाही. दोन भाषांची समजूत तर अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे घरातील भाषाच कापली जाते. दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांत मिळून मोजले तर ते इतरांच्या मागे नसते आणि द्वैभाषिकतेमुळे भाषेचा दोष जडत नाही. तरीही पुण्या-मुंबईच्या सदनिकांत आणि परदेशांतील मराठी घरांत ‘आता एकच भाषा बोला’ असा सल्ला मिळून आजीची मराठी बंद होते आणि मूल ज्या व्यक्तीशी सर्वांत जास्त बोलले असते तिच्याशीच त्याचे बोलणे तुटते. वेखंडाने जीभ सुटते या समजुतीबद्दल एवढेच म्हणता येईल की ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याची जीभ कितीही वेखंडाने सुटणार नाही.

ऐकण्याचा मुद्दा पालकांच्या निरीक्षणाची मर्यादाही दाखवतो. जन्मतः बहिरे असलेले मूल पहिल्या काही महिन्यांत आवाज काढते, हुंकारते, हसते. त्यामुळे आईला शंका येण्याचे कारण नसते. ऐकणाऱ्या मुलाची ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्वर-व्यंजनांची साखळी सहा ते दहा महिन्यांच्या सुमारास सुरू होते आणि बहिऱ्या मुलात ती रेंगाळते. दार आपटल्यावर मूल दचकते हा पुरावा मानला जातो, पण दचकणे हादऱ्यानेही होते. म्हणून बोलण्यास उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी करावी, हा नियम तज्ज्ञ अपवाद न करता पाळतात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

मराठी घरात पाहुण्यांपुढे मुलाकडून जे प्रयोग करून घेतले जातात ते पाहिले तर पालकांच्या निरीक्षणाची खोली कळते. ‘बाप्पाला जय कर’, ‘टाटा कर’, ‘नाक कुठे’, ‘चांदोमामा कुठे’ या चार गोष्टी म्हणजे अनुक्रमे अनुकरण, सामाजिक खूण, शब्दाचे आकलन आणि सामायिक लक्ष यांच्या कसोट्या आहेत. सामायिक लक्ष म्हणजे दुसरा जिकडे पाहतो तिकडे पाहणे आणि आपल्याला जे दिसले ते दुसऱ्यालाही दिसावे म्हणून त्याचे लक्ष तिकडे वेधणे. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, ओळखीत याला फार महत्त्व आहे. दीड ते अडीच वर्षांच्या सुमारास पालकांना विचारण्यासाठी जी वीस प्रश्नांची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे, तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की खोलीच्या पलीकडच्या वस्तूकडे बोट दाखवले तर मूल तिकडे पाहते का. कडेवरच्या मुलाला गच्चीवर नेऊन चंद्र दाखवणारी आजी नेमके हेच पाहत असते. मूल चंद्राकडे न पाहता तिच्या बोटाकडेच पाहत राहिले, किंवा स्वतः कधी बोट दाखवून ‘ते बघ’ असे सुचवलेच नाही, तर ते तिला दिसलेले असते. फक्त त्याला नाव नसते आणि ते सांगण्याची जागा नसते.

स्वमग्न मुलांच्या भारतीय पालकांवर तमारा डेली यांनी केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुद्द्याला दुजोरा मिळतो. अमेरिकेतील पालकांना प्रथम काळजी वाटते ती बहुधा भाषेची, तर भारतातील शहरी पालकांच्या लक्षात प्रथम येते ती मुलाची माणसांत न मिसळण्याची अडचण, आणि ती त्यांच्या तुलनेने लवकर लक्षात येते, असे त्यात दिसले. ज्या घरात येणारा-जाणारा मुलाला उचलून घेतो, त्या घरात मूल अंग चोरते हे आधी लक्षात येणार, यात आश्चर्य नाही. निदानापर्यंतचा प्रवास मात्र लांबतो, कारण सांगितलेली शंका ‘लाडावला आहे’, ‘एकटाच वाढतो म्हणून’, ‘शाळेत घातला की सुधारेल’ अशा उत्तरांनी परत पाठवली जाते. मोबाइलचे उत्तर अलीकडे त्यात जोडले गेले आहे. भारतीय बालरोग अकादमीने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी नातेवाइकांशी दृक्‌संवाद सोडल्यास पडदा पूर्ण वर्ज्य मानला, आणि तो सल्ला योग्यच आहे. पण प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलाचा दोष मोबाइलवर टाकून तपासणी पुढे ढकलणे हा त्या सल्ल्याचा गैरवापर आहे.

विकासातील अडचणींचा प्रश्न किती मुलांचा आहे, याचा अंदाज देणारी पाहणी पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी झाली व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन ते सहा वर्षांच्या आतील मुलांपैकी ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ अवस्थांपैकी किमान एक आढळली. या अवस्थांत दृष्टिदोष, श्रवणदोष, अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता इत्यादींचा समावेश होता. वीस मुलांच्या अंगणवाडीत सरासरीने दोन मुले, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो.

मग पालकांना विचारायचे कसे? अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लॅस्को यांनी १९९० च्या दशकात या एकाच प्रश्नावर काम केले आणि दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. पालकांच्या काळजीचे नेमके विषय कोणते हे नीट विचारले, तर विकासात अडचण असलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले त्यातून ओळखता येतात, आणि पालकांचे शिक्षण कमी असल्याने या ओळखीत फारसा फरक पडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आपल्याकडील अनेक दवाखान्यांच्या गृहीतकांना धक्का देणारा आहे. उरलेल्या एक-चतुर्थांश मुलांच्या पालकांना काहीच काळजी वाटत नसते हेही त्यातूनच कळते. म्हणजे काळजी असेल तर ती गांभीर्याने घ्यावी, पण काळजी नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. एर्तेम यांनी आखलेली विकास-निरीक्षणाची पद्धत आणखी पुढे जाते. तिच्यात ‘हो-नाही’चे प्रश्न जवळजवळ नसतात, मूल स्वतःला काय हवे ते तुम्हाला कसे सांगते, तुमचे बोलणे त्याला कसे समजते, हातांनी काय काय करते, ओळखीच्या माणसांशी कसे वागते, खेळते कसे, असे मोकळे प्रश्न विचारून आईला सांगू दिले जाते. ‘बोलतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी आई ‘पाणी हवे असेल तर काय करतो?’ या प्रश्नावर ‘माझा हात धरून माठापाशी नेतो’ असे सांगते आणि ऐकणाऱ्याला हवे ते मिळते. मुंबईत विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राने ही पद्धत भारतात रुजवण्याचे काम केले आहे.

सरकारी पातळीवर या कामाची दोन टोके महाराष्ट्राच्या एकाच पट्ट्यात येऊन मिळतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम करताना, मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच वारली पाड्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी घडवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तेच नाव देशभर नेले. त्याच परिसरातील पालघर येथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, ज्यात जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वादींची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस अवस्थांसाठी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अडचण वाढण्यापूर्वी उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवले जाते. उपचाराला पैसे पडत नाहीत.

तरतूद चांगली आहे. अडते ते दुसरीकडे. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात मूल काय करते याची चित्रे आणि धोक्याच्या खुणा छापलेल्या असतात, पण कार्ड उघडले जाते ते लसीची तारीख आणि वजनाचा आलेख पाहण्यासाठी. याला कारणही आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के वजनाने कमी होती. ज्या अंगणवाडी सेविकेवर या आकड्यांची टांगती तलवार आहे तिचा सारा वेळ वजनकाट्यावर जातो. शिवाय दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची मुले सुमारे सहा महिने फडाशेजारच्या कोप्यांत वाढतात. त्यांचे कार्ड गावी ट्रंकेत राहते आणि तपासणीचे पथक गावी येते तेव्हा मूल तेथे नसते. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि बालविकास विभाग यांच्या ‘आरंभ’ उपक्रमात पालक मेळावे घेऊन, मेंदूची वाढ कशी होते आणि घरातल्या वाट्या-चमच्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईवडिलांना दाखवले गेले. केंद्र सरकारच्या २०२४ मधील ‘नवचेतना’ आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १४० कृती दिल्या आहेत. या दोन्हींत पालकांना सांगण्याचा भाग भरपूर आहे, पालकांचे ऐकण्याचा भाग त्या मानाने थोडा.

ऐकण्याने काय साधते याचे जवळचे उदाहरण गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने सहकाऱ्यांसह गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम राबवला, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण केले आणि नंतर तेच पालकांसह बसून पाहिले. मूल आपल्याकडे केव्हा पाहते, आपण त्याच्या आधी बोलतो की त्याच्या मागे जातो, हे पालकांनी स्वतःच पडद्यावर शोधायचे होते. मुलाच्या कलाने प्रतिसाद देण्याची पालकांची हातोटी यातून स्पष्टपणे वाढली आणि मुलेही पालकांशी स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. पालकांना नवे डोळे द्यावे लागले नाहीत. त्यांनी रोज पाहिलेलेच थोडे थांबवून पुन्हा दाखवावे लागले.

म्हणून अंगणवाडीत तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मुलासोबत त्याला रोज न्हाऊ-जेवू घालणाऱ्या माणसाने जावे, मग ती आई असो, आजी असो किंवा वडील. कार्ड बरोबर न्यावे, आणि गेल्या सणापासून मूल नवीन काय करू लागले व पूर्वी करीत असलेले काय सोडून दिले, हे आठवून जावे. विशेषतः आलेले शब्द गेले असतील तर ते पहिल्या वाक्यातच सांगावे. आणि पथकातील डॉक्टरांनी मुलाला काट्यावर ठेवण्यापूर्वी त्या माणसाला एवढेच विचारावे: पाणी हवे असेल तर हा काय करतो?